पेटीतली शिट्टी

मी थापाड्या आहे हे आमच्या गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक आहे. एकदा मी नदीतून असा मासा काढला, की त्याच्या काट्याची शिडी करून घराची कौलं बदलली. हे मी सांगतो आणि लोक खुशाल मान डोलावतात. एकाने फक्त विचारलं होतं, शिडीला पायऱ्या किती? मी म्हटलं, सतरा. त्याचं समाधान झालं. पण पेटीतल्या शिट्टीची गोष्ट सांगायला घेतली, की हेच लोक एकमेकांना कोपरखळ्या मारतात. म्हणून यावेळी लिहूनच काढतो. कागद निदान हसत नाही.

नदीवर पूल बांधायचा होता. मधल्या खांबाला पाया हवा, आणि पाया पाण्याखाली, गाळाच्याही खाली, खडकावर. तेव्हा त्यांनी एक लोखंडी पेटी केली. घराच्या अंगणाएवढी, पण बुडाशिवाय. पेला पालथा करून बादलीत दाबला तर आत पाणी शिरत नाही, तसंच हे. काठावरचं वाफेचं इंजिन नळीतून पेटीत हवा कोंबत राहायचं, त्या हवेने पाणी बाहेर रेटलं जायचं, आणि आम्ही टोळीतली बारा माणसं नदीच्या तळाशी उभी राहून गाळ उपसायचो. आम्ही खणू तशी पेटी खाली जायची, आणि तिच्या डोक्यावर गवंडी दगड रचत जायचे.

त्या कोंबलेल्या हवेत अजब प्रकार व्हायचे. मेणबत्ती फुंकून विझवली तर वातीवरची ठिणगी पुन्हा आपसूक पेट घ्यायची. आवाज असा नाकात आणि किरटा व्हायचा, की आमचा धिप्पाड जाड्या बोलायला लागला की सर्दी झालेली नवरी बोलतेय असं वाटायचं. आणि खाली कुणाला शिट्टी वाजवता यायची नाही. ओठांचा कितीही चंबू करा, नुसता वारा. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिच्यावर माझ्या बहिणीचा संसार टांगलेला होता.

आत जाण्यायेण्याची वाट हवाखोलीतून होती. हवाखोली म्हणजे पेटीच्या वर बसवलेलं दोन दारांचं लोखंडी पिंप. जाताना बाहेरचं दार लावायचं, तोटी सोडून खोलीत हवा भरायची, मग आतलं दार उघडून शिडीने खाली. येताना याच्या उलट. हवा भरताना कानात कुणी खिळा ठोकतंय असं व्हायचं. उपाय सोपा होता, नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि जोर करायचा. फट्‌ झालं की कान मोकळे. पण नव्या माणसाला हे सांगायचं नाही, ही आमची रीत. तो कान धरून नाचायला लागला की आम्ही एकमेकांना डोळे मारायचो. कानात दडे बसलेला माणूस मग दिवसभर, कधी दोन दोन दिवस बहिरा. त्याला जाड्या प्रेमाने शिव्या द्यायचा आणि तो हसून मान हलवायचा. प्रत्येकाचं असं झालेलं, त्यामुळे प्रत्येकाला दुसऱ्याचं बघायचं होतं.

एकटे दाजी सांगायचे. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, हवाखोलीचे तोटीवाले. आमच्या टोळीत नवा माणूस आला की खोलीचं दार लागताच म्हणायचे, "बाळा, नाक धर." आमचा खेळ मातीत. मी त्यांना म्हणायचो, दाजी, तुम्हाला करमणूक कळत नाही. ते म्हणायचे, कळते, पण तू घरी येतोस तेव्हा होते तेवढी पुरे.

आत जाताना फक्त कान. खरं मरण बाहेर येताना होतं. वर येऊन तास-अर्धा तास झाला की एखाद्याचे गुडघे, खांदे असे दुखायला लागायचे की माणूस दुमडून जायचा. आम्ही त्याला वाक म्हणायचो. "त्याला वाक आली" म्हटलं की पुढचं कुणी विचारायचं नाही. काही बरे झाले, काही काठीवर आले, दोघं गेले. डॉक्टरांनी एवढंच ओळखलं होतं, की हवा भसकन सोडली की वाक येते, हळू सोडली की टळते. पण हळू म्हणजे किती हळू? हवाखोलीत घड्याळ टांगलं तर पंधरा दिवसांत गंजून बंद. दुसऱ्याची काच पहिल्याच पाळीत फुटली. हवेचा दाब दाखवणारा काटा वर इंजिनाच्या खोलीत. तोटीवाल्याच्या हातात फक्त तोटी.

आणि इथे माझ्या दाजींनी शोध लावला. सातवी शिकलेला माणूस. त्यांच्या लक्षात आलं, की खाली शिट्टी वाजत नाही आणि वर वाजते, म्हणजे मध्ये कुठेतरी ती वाजायला लागत असणार. त्यांनी वीस माणसं घेतली. इंजिनाच्या खोलीपर्यंत दोरी बांधली. माणसाच्या ओठातून शिट्टी निघाली की दोरी ओढायची आणि वर डॉक्टरांनी काटा वाचायचा. विसांपैकी विसांची शिट्टी जवळजवळ एकाच आकड्यावर निघाली. तेव्हापासून हवाखोलीच्या दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: शिट्टी वाजेपर्यंत तोटी पाव. मग पूर्ण. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर दाजींची पाठ थोपटली. त्यानंतर तीन महिने कुणाला वाक आली नाही. ना पैसा लागला ना यंत्र, माणसाचे ओठ हेच यंत्र. ताई ते दारावरचं वाक्य वाचता येत नसताना फक्त बघायला दोन्ही मुलींना घेऊन धक्क्यावर आली होती.

त्या वीस माणसांत मी नव्हतो. त्या आठवड्यात मला ताप होता.

आता माझ्याविषयी. टोळीत मला बुलबुल म्हणायचे. लहानपणापासून मी शिट्टी वाजवतो, ओठांनी, दातांतून, जीभ दुमडून, हवी तशी. फावडं मारण्यात मी सगळ्यात मागे, ओझं उचलण्यात तर विचारूच नका. पण पेटीच्या तळाशी शिट्टी वाजत नाही म्हणतात, हे मला सहन होईना. मी रोज खणता खणता ओठ आवळून, जीभ दाताला टेकवून बघायचो. महिन्याभराने एक सूर निघाला. केसाएवढा बारीक, पण निघाला. जाड्याने फावडं टाकून माझ्याकडे पाहिलं.

हवाखोलीतून वर येताना थंडी किती वाजते ते सांगितलंच नाही. हवा सोडली की खोलीत धुकं दाटतं आणि लोखंडाला हात चिकटतो की काय असं वाटतं. आम्ही घामाने आणि चिखलाने भिजलेले, बारा जण पिंपात कोंबलेले, दातावर दात आपटत शिट्टीची वाट बघायचो. बाहेर पत्र्याच्या छपराखाली चहाचं पातेलं उकळत असायचं. एके दिवशी जाड्याने माझ्या बरगडीत कोपर घातलं. मी वाजवली. दाजी नेहमी डोळे मिटून, कान देऊन बसायचे. त्यांनी तोटी पूर्ण फिरवली. आम्ही इतर टोळ्यांपेक्षा कितीतरी आधी चहाला पोचलो.

त्या दिवसापासून मी टोळीचा राजा. दाराजवळची जागा माझी, अंगावर टाकायला कोरडं पोतं माझं, चहाचा पहिला पेला माझा. उभ्या आयुष्यात मी कशात पहिला आलो नव्हतो. शिट्टी अगदी थोडीशी आधी वाजते, त्याने काय होतंय, असं आम्ही म्हणायचो. थोडीशी म्हणजे किती, हे कुणी मोजलं नव्हतं.

दाजी मोजत होते.

आमच्या टोळीत दोघांना वाक आली, मग तिसऱ्याला. एका रविवारी मी ताईकडे जेवायला गेलो होतो. कंपनीने तोटीवाल्याला दिलेली एकच खोली, खिडकी नदीकडे. दाजींनी घास हातात तसाच ठेवला. म्हणाले, मी मनात अंक मोजतो रे, सवयच लागलीय. दुसऱ्या टोळ्यांची शिट्टी नऊशेच्या आसपास येते. तुमची पाचशेला. खोलीला गळती नाही, तोटी तीच, पाव म्हणजे पावच.

मग त्यांनी सरळ विचारलं, "तू कधी तळाशी वाजवून बघितलीस का?"

मी म्हटलं, "छे. तळाशी कुणाला जमतं? तुमचाच तर शोध."

ताई भाकरी वाढत होती. ती हसून म्हणाली, "अहो, हा जगाला शेंड्या लावेल, तुमच्याशी नाही खोटं बोलणार."

दाजींचा जीव भांड्यात पडला. त्यांना तेच ऐकायचं होतं. म्हणाले, मग मीच मोजताना चुकत असणार. माणूस अंक विसरतो, शिट्टी विसरत नाही. आणि त्यांनी घास तोंडात घातला.

तरी त्यांचं मन खात राहिलं असावं. पुढच्या मंगळवारी सकाळच्या पाळीला ते तोटीची किल्ली खिशात घालून आमच्याबरोबर थेट तळाशी उतरले. मुकादमाला म्हणाले, या टोळीत वाक का येते ते डोळ्यांनी बघतो. पेटी त्या दिवशी कधी नव्हती इतकी खोल गेली होती. एरवी हवाखोलीच्या खाली न उतरणारे दाजी पूर्ण पाळीभर कोपऱ्यात दगडावर बसून होते, मेणबत्त्यांच्या उजेडात एकेकाचं तोंड निरखत. मी ओठ शिवून खणत होतो. त्या दिवशी मी जितका गाळ काढला तितका महिन्यात काढला नसेन.

पाळी संपली. आम्ही वर हवाखोलीत आलो, दाजींनी दार लावलं, तोटी पाव फिरवली आणि डोळे मिटले. धुकं दाटलं. त्यांचे ओठ हलत होते, अंक चालले होते. मी स्वतःशी ठरवलं होतं, आज उशिरा वाजवायची, नऊशेला, सगळ्यांसारखी. ठरवलं होतं, शपथेवर सांगतो. मग माझ्या डोक्यात आलं, की आज नऊशेला वाजली तर दाजींना कळेल की आजवरच्या पाचशेच्या शिट्ट्या खोट्या. रविवारचं बोलणंही खोटं. आज पाचशेलाच वाजली पाहिजे, म्हणजे काही गळतीबिळती असेल असं त्यांना वाटेल. जाड्याने कोपर घालायची गरजच पडली नाही.

मी वाजवली. दाजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांचा हात तोटीवर थांबला. मग त्यांनी स्वतःच्या अंकांवर नाही, शिट्टीवर विश्वास ठेवला. तोटी पूर्ण फिरली.

चहाच्या छपराखाली बसल्यावर दाजी दंड खाजवायला लागले. मुंग्या चावल्यासारखं होतंय म्हणाले. चहा संपवला, उठायला गेले आणि उठलेच नाहीत. दोन्ही हात बाकावर टेकलेले, चेहऱ्यावर हसू.

"बुलबुल, माझे पाय कुणी नेले रे?"

वाक आलेल्याला पुन्हा पेटीत नेलं की दुखणं जातं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कसं ते विचारू नका, डॉक्टरांनाही तेव्हा सांगता येत नव्हतं. मी आणि जाड्याने दाजींना पोत्यावर घालून उचललं. पण दुसरी पाळी आत गेलेली, हवाखोलीतून दगड उतरवायचं काम सुरू. मुकादम म्हणाला, तासभर थांबा. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, मला वर जाब द्यावा लागतो. आम्ही तासभर थांबलो.

अखेर खाली नेलं. आणि खरंच, थोड्या वेळाने दाजींच्या पायाचा अंगठा हलला. मग दुसरा. जाड्या रडायला लागला, त्या किरट्या आवाजात, आणि आजूबाजूचे खणणारे त्याला हसले. तिथे मी सगळं सांगितलं. तळाशी सूर कसा काढला, पाचशे, रविवार. आयुष्यात एकदा मन उघडं केलं, तेही नाकातून, सर्दी झालेल्या नवरीच्या आवाजात. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दाजींनी मेणबत्तीची काजळी चिमटीने काढली. मग म्हणाले, "मी वीसच माणसं घेतली होती, नाही का?"

"हो."

"एकविसावा घ्यायला हवा होता."

बास. मला एक शब्द बोलले नाहीत. आपल्या शोधात भोक कुठे राहिलं तेवढंच त्यांनी पाहिलं.

त्यांना वर आणायचं म्हणजे निम्मा दिवस थांबत थांबत आणायला हवं होतं. पण पाळी सुटली, बाहेर तिसरी टोळी दार बडवायला लागली, आणि बदली तोटीवाला, ज्याला आम्ही नकट्या म्हणायचो, दारावरच्या नियमापलीकडे जाईना. नवख्या माणसाला नियम पाळल्याबद्दल बोल तरी कसा लावायचा? कुणीतरी शिट्टी वाजवली, अगदी बरोबर वेळेला. धडधाकट माणसाला ती पुरली असती. दाजींना नाही पुरली. गुरुवारी दुपारी, खिडकीतून नदीवर लख्ख ऊन पडलेलं असताना, ते गेले. धाकटी मुलगी त्यांच्या पायाच्या अंगठ्याला गुदगुल्या करून बघत होती.

कंपनीने वरून चौकशीचे साहेब बोलावले. अपघात ठरला तर ताईला ती खोली मुली मोठ्या होईपर्यंत राहणार होती. तोटीवाल्याची चूक ठरली तर आठ दिवसांत खोली रिकामी करायची. मुकादमाने सांगून टाकलं होतं, की तोटीवाल्याने घाईने तोटी उघडली, वाक त्यालाच आली, आणखी काय पुरावा हवा.

मी साहेबांसमोर गेलो आणि सगळं सांगितलं. चूक माझी, शिट्टी माझी, त्यांनी नियम अक्षरशः पाळला. मोठे साहेब तिथेच होते. ते म्हणाले, हा माणूस माशाच्या काट्याची शिडी करणारा. सगळे हसले. पण चौकशीचे साहेब म्हणजे भला माणूस. पोट सुटलेला, शांत, प्रत्येक शब्द लिहून घेणारा. म्हणाले, वाद कशाला, तळाशी जाऊ आणि हा वाजवून दाखवेल. वाजली तर मी तसं लिहीन.

मला माहीत होतं, वाजणार. त्या दिवशी वाजली नाही तर पुन्हा कधी वाजायची?

हवाखोलीत साहेब, मी, जाड्या आणि आमचे दोघं-तिघं. तोटीवर नकट्या. त्याने दार लावलं, खोलीत हवा भरली. साहेबांनी दोन्ही हात कानांवर दाबले आणि पाय आपटायला सुरुवात केली. नकट्याने आमच्याकडे बघून डोळा मारला. आणि मी हसलो. इतक्या वर्षांच्या सवयीने, काही विचार न करता, मी परत डोळा मारला. "बाळा, नाक धर" म्हणणारा माणूस त्या खोलीत आता नव्हता, आणि त्याची जागा घ्यायचं माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

तळाशी पोचलो. साहेबांचे डोळे लाल झालेले, त्यांनी कंदील माझ्या तोंडाजवळ धरला आणि मानेने खूण केली. मी वाजवली. नुसता सूर नाही, अख्खं गाणं वाजवलं, वरची पट्टी, खालची पट्टी. इतकी स्वच्छ मी कधी वाजवली नव्हती. कोपऱ्यातले खणणारे थांबून ऐकत होते. साहेब माझ्या ओठांकडे टक लावून पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी धावत पुढे गेलो, स्वतःचं नाक चिमटीत धरून दाखवलं, ओरडून सांगितलं, साहेब, असं करा, असं. आधीच किरटा आवाज, त्यात नाक धरलेलं. त्यांना काय दिसलं असेल बघा. एक मजूर नाक धरून, तोंड फुगवून, त्यांना वेडावतोय. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा कडक झाला. त्यांनी मला बाजूला सारलं आणि जाड्याच्या तोंडापाशी कान नेऊन मोठ्याने विचारलं, तुला शिट्टी ऐकू आली का?

जाड्याने हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग इतके दिवस तू गप्प का होतास? त्याच्या घरी पाच तोंडं. त्याने चिखलाकडे बघत मान हलवली. इकडून तिकडे. दुसऱ्यांना विचारायची वेळच आली नाही, ते खणायला लागले होते.

साहेबांनी तिथेच वहीत लिहिलं. वर आल्यावर मी अजून बोलत होतो, कान, दडे, नाक. ते हात कानामागे धरून नम्रपणे ऐकल्यासारखं करत होते. दुसऱ्या दिवशी त्यांची बोट गेली. कान उघडले असतील तेव्हा ते शंभर मैल दूर असतील, आणि तिथे त्यांच्यासाठी कुणी शिट्टी वाजवत नव्हतं.

हवाखोलीच्या दारावरचं पांढरं वाक्य डांबराने पुसलं. पुढे पूल झाला. मजबूत आहे, अजून उभा आहे.

आठव्या दिवशी ताईची खोली रिकामी करायला मी हातगाडी घेऊन गेलो. दोन ट्रंका, गादी, भांड्यांचं पोतं, वर मुली. दाजींकडची तोटीची किल्ली नकट्या सकाळीच मागून घेऊन गेला होता. मी ताईला सांगायला लागलो, ताई, मी वाजवली होती गं, साहेबांसमोर, खरंच वाजली होती, जाड्याला विचार. ती गादीची दोरी आवळत होती. तिने गाठ मारली, ओढून बघितली.

"माहितीये," ती म्हणाली. "वाजली असणार. पण त्यांनी तुला आधीच विचारलं होतं. जेवताना. मी तिथेच होते."

तिने दोरीचं उरलेलं टोक गादीखाली खोचलं.

"आणि तुझ्या बाजूने बोलले मी."

मग तिने गाडीचा दांडा उचलून माझ्या हातात दिला. "धर. ओढ."

मी ओढली. त्यानंतर तीस वर्षं ती माझ्या घरी राहिली. माझ्या थापांना सगळ्यांबरोबर हसायची, शिडीच्या पायऱ्या कुणी विसरलं तर स्वतः सांगायची, सतरा. तळाशी काय झालं ते तिने पुन्हा कधी काढलं नाही. फक्त गल्लीतून कुणी शिट्टी वाजवत गेलं, की हातातलं काम टाकून उठायची आणि खिडकी लावून घ्यायची. भर उन्हाळ्यातसुद्धा. आणि आवाज लांब जाईपर्यंत मनातल्या मनात काहीतरी मोजत उभी राहायची.